मोबाईलवरची जंगलफेरी, धुऱ्यावरचे शेजारी

मी तुमची सहयोगिनी बोलते आहे. दर वेळी मी तुमच्याशी बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचा हप्ता यावर बोलते. आज हिशेबाची वही थोडी बाजूला ठेवू आणि आपल्या शेजाऱ्यांची ओळख करून घेऊ. हे शेजारी आपल्या वावरात, धुऱ्यावर, नाल्यात, गोठ्याच्या आढ्याला राहतात. कुणी चार पायांचे, कुणी पंखांचे, कुणी बिनपायांचे. रोज दिसतात, पण ओळख मात्र अर्धवट.

आपल्या अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटचं नाव होतं. अकोल्याच्या बाजूला अकोट तालुक्यात नरनाळ्याचा किल्ला आणि अभयारण्य आहे. महानच्या धरणाभोवती काटेपूर्णा अभयारण्य आहे. पलीकडे वाशिम जिल्ह्यात काळविटांसाठी राखलेलं कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. लांबून लोक येतात, जिप्सी भाड्यानं घेतात, फी भरतात, सोबत गाईड घेतात. आपल्यातल्या किती जणी गेल्या? मी बैठकीत विचारते तेव्हा फार थोडे हात वर होतात. पैसे नाहीत, दिवस मोडतो, घरी स्वयंपाक कोण करणार, एकटीनं जायचं कसं? ही सगळी कारणं खरी आहेत. म्हणूनच ऑनलाइन निसर्गफेरी आपल्या कामाची आहे.

ऑनलाइन निसर्गफेरी म्हणजे काय?

एखादा जाणकार माणूस मोबाईल घेऊन जंगलात, तळ्याकाठी किंवा शेतात चालतो. चालता चालता दाखवतो, हे झाड कोणतं, ही विष्ठा कुणाची, हा आवाज कुणाचा. आपण घरी किंवा अंगणवाडीत बसून ते मोबाईलवर पाहतो. फेरी थेट चालू असेल तर आपण प्रश्न लिहून विचारतो आणि तो तिथंच उत्तर देतो. नेटवर्क नसलेल्या जागी आधी चित्रीकरण करून आणतात आणि मग ते दाखवत समजावून सांगतात.

जगात हे बऱ्याच वर्षांपासून चालतं. दक्षिण आफ्रिकेत ‘वाइल्डअर्थ’ नावाचा कार्यक्रम आहे. तिथले गाईड सकाळी आणि संध्याकाळी गाडीतून किंवा पायी जंगलात जातात, ते थेट दिसतं, आणि घरी बसलेली माणसं त्यांना प्रश्न विचारतात. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत जंगलाची फाटकं बंद झाली, तेव्हा निसर्ग अभ्यासकांनी मोबाईलवरून व्याख्यानं आणि फेऱ्या मोठ्या प्रमाणावर सुरू केल्या. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ सालची जुनी संस्था. तिचेही ऑनलाइन कार्यक्रम आणि अभ्यासक्रम असतात. मराठीतही पाखरं, साप, फुलपाखरं यांची माहिती देणारे भरपूर व्हिडिओ आता फुकट पाहायला मिळतात.

पण टीव्हीवरचा वाघ पाहिला तसंच हेही पाहून सोडून दिलं, तर उपयोग नाही. निसर्गफेरीचा खरा फायदा म्हणजे कसं बघायचं ते कळतं. डोळ्याला वळण लागतं. मग तोच डोळा आपल्या पऱ्हाटीत आणि तुरीत उपयोगी पडतो.

आपलं नाव आणि पुस्तकातलं नाव

पहिली गोष्ट नावांची. फेरीतला माणूस म्हणतो ‘नीलगाय’. आपल्या बाया एकमेकींकडे बघतात, ही कोणती गाय? मग चित्र दिसतं आणि सगळ्या म्हणतात, अगं, हा तर रोही! नावात गाय असली तरी रोही गाईच्या जातीतला नाही, तो हरणासारख्या कुरंग प्राण्यांत मोडतो. नर निळसर राखाडी असतो, मादी मातकट तपकिरी. एक जोडी दिसली तर ती दोन वेगळी जनावरं आहेत असं कुणाला वाटू शकतं.

तुमच्या गावातलं नाव चुकीचं आणि पुस्तकातलं बरोबर, असं मुळीच समजू नका. आपल्या आजीनं दिलेलं नाव बहुतेक वेळा त्या जिवाच्या रंगावरून, आवाजावरून, सवयीवरून पडलेलं असतं. मेळघाटातल्या कोरकू बायांकडे आणखी वेगळी नावं असतात. ती सगळी वहीत उतरवा. थेट फेरी असेल तर त्या गाईडलाही सांगा, “आमच्याकडे याला असं म्हणतात.” शिकणं दोन्ही बाजूंनी होतं.

ओळख असली तर जीव वाचतो

आता ज्यासाठी मी हा विषय मुद्दाम घेतला, ते सांगते. निंदण करताना, कापूस वेचताना, कुटार काढताना, गोवऱ्या उचलताना हात कुणाचा जातो? आपला. आणि तिथंच साप बसलेला असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असा अंदाज मांडला आहे, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात साप चावून सुमारे बारा लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला साधारण अठ्ठावन्न हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली.

आपल्याकडे ज्यांच्या चावण्यानं माणसं जातात ते मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकी आपल्याला दिसणारे बहुतेक साप बिनविषारी. ऑनलाइन फेरीचा इथं मोठा फायदा आहे. साप पडद्यावर असतो, आपण सुरक्षित असतो. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, दहा वेळा पाहता येतो.

घोणस जाड, तपकिरी, अंगावर साखळीसारखे गोल डाग. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. तिला अजगराचं पिल्लू समजून हात लावणारी माणसं आहेत, आणि तिथंच घात होतो. मण्यार काळी, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे. हे पट्टे शेपटीकडे जास्त ठळक असतात. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या साप बिनविषारी असतो, त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे फिके होत जातात. पण अंधारात हा फरक बघत बसू नका. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं कधी कधी दुखतही नाही. म्हणून पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. फुरसं लहान असतं, अंग घासून करकर असा आवाज काढतं. नागाचा फणा सगळ्यांना माहीत आहे, पण फणा काढलेला नसेल तर तो ओळखू येईलच असं नाही.

आणि बिचारी धामण! लांबलचक, चपळ, मोठ्या डोळ्यांची. ती गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते असं आपण लहानपणापासून ऐकलं. सापाच्या तोंडाची रचनाच अशी आहे की त्याला सड चोखताच येत नाही. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. जी धामण आपण काठीनं मारतो, ती आपल्या कोठीतलं धान्य राखत असते.

साप चावला तर काय करायचं, तेही ऐका आणि वहीत लिहा. चावलेल्या हातातल्या बांगड्या, अंगठी, पायातली जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज आली की त्या रुततात. कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. माणसाला चालवू नका, धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका. १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही, कारण आपल्याकडची सर्पदंशाची लस या चारही सापांच्या विषावर चालते. भगताकडे गेलेला एक तास नंतर कुणी परत देत नाही.

ठसा कुणाचा?

दुसरा उपयोग पिकाच्या नुकसानीत. निसर्गफेरीतला गाईड खाली बघत चालतो, आपणही ते शिकायचं. रानडुकरानं नासधूस केली तर माती नांगरल्यासारखी उकरलेली दिसते. रोही उभ्या पिकाचे शेंडे खातो आणि त्याला एकाच जागी येऊन लेंड्या टाकायची सवय असते, त्यामुळे तिथं ढीग दिसतो. सकाळी वावरात गेलं की ठसे, उकरलेली माती, मोडलेलं पीक यांचे फोटो काढा. ठशाशेजारी वीत किंवा काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळतो. मग उशीर न लावता वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. आपण स्वतः नीट सांगू शकलो की “हे नुकसान डुकराचं, हे त्याचे खूर,” तर पंचनामा करणाऱ्याचंही काम सोपं होतं.

अफवांवरही हाच उपाय. “आपल्या शिवारात बिबट आला” असा निरोप ग्रुपवर येतो, सोबत भलत्याच गावचा व्हिडिओ असतो, आणि दोन दिवस कुणी निंदणाला जात नाही. मजुरी बुडते. ठसा दिसला तर बघा. वाघ, बिबट, मांजर चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे ठशात नखं साधारणपणे उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस यांच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा दिसतात. शंका असेल तर ठसा पुसू नका, वर टोपलं झाका आणि वनरक्षकाला बोलवा. आणि खरंच बिबट्याचा वावर असेल, तर पहाटे अंधारात एकटीनं बाहेर जायचं नाही, मुलांना सोबत ठेवायचं. मोठ्यानं बोलत चालायचं. घाबरून घरात बसण्यापेक्षा माहीत असणं बरं.

खोट्या चिठ्ठीनं लपवलेला रानपिंगळा

आता आपल्याच मेळघाटातल्या एका पाखराची गोष्ट सांगते. आपल्या गावात पिंगळा असतो, छोटं घुबड, डोक्यावर पांढरे ठिपके. त्याचाच जंगलातला भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, अंगानं भरलेला, पंजे दणकट, आणि दिवसाउजेडी शिकार करतो. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नाही. सगळ्यांना वाटलं, संपला.

झालं होतं असं, की एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं संग्रहालयातला एक जुना पेंढा भरलेला रानपिंगळा चोरला आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली, की हा मी १९१४ साली गुजरातेत मिळवला. त्या खोट्या चिठ्ठीमुळे माणसं वर्षानुवर्षं भलत्या जागी त्याला शोधत राहिली. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ती लबाडी उघडी पाडली. जुन्या खऱ्या नोंदी कोणत्या, ते तपासलं, आणि त्या जागा धरून त्या सोबत्यांना घेऊन हिंडल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! नंतर आपल्या मेळघाटातही तो आढळला. सागाच्या जंगलात तो आजही आहे.

ही गोष्ट मी गटांत नेहमी सांगते, कारण ती हिशेबाचीच गोष्ट आहे. बचतीच्या वहीत एक खोटा आकडा घुसला की सगळा ताळेबंद बिघडतो, हे आपल्याला माहीत आहे. पाखराच्या वहीचंही तसंच. काय दिसलं, कुठं दिसलं, कोणत्या तारखेला, एवढं खरं लिहिलं तर ती नोंद शंभर वर्षांनीही कामाला येते.

गटानं फेरी कशी पाहावी?

प्रत्येकीकडे मोठा मोबाईल हवा असं नाही. दहा जणींत एक मोबाईल पुरे, सोबत छोटा स्पीकर असला तर छान. अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीत टीव्ही असेल तर त्याला मोबाईल जोडता येतो, गावातल्या कॉलेजच्या मुलीला विचारा. तासभराच्या थेट कार्यक्रमाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. आळीपाळीनं एकेकीचा डेटा वापरला तर कुणावर भार पडत नाही. नेटवर्क कमी असेल तर जिथं मिळतं तिथून व्हिडिओ आधी उतरवून घ्या आणि बैठकीत दाखवा. मासिक बैठकीनंतर वीस मिनिटं एवढंच ठेवा. तास न् तास बसवलं तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही.

पाहताना तीन प्रश्न मनात ठेवा. हे काय आहे? कुठं राहतं? काय खातं? एकीनं वाचायचं, एकीनं लिहायचं, बाकीच्यांनी आठवायचं, की आपल्याकडे हे कुठं पाहिलं.

मोबाईलवर ‘मर्लिन’ नावाचं एक फुकट अ‍ॅप आहे. फोटो दाखवला किंवा आवाज ऐकवला तर ते पाखराचं नाव सुचवतं. ‘आयनॅचरलिस्ट’वर झाड, किडा, फुलपाखरू यांचे फोटो टाकले तर जाणकार नाव सांगतात. पण अ‍ॅपही चुकतं, म्हणून दोनदा खात्री करा. आणि सापाचा फोटो काढायला त्याच्या जवळ जायचं नाही. अ‍ॅपनं बिनविषारी म्हटलं म्हणून हात लावायचा नाही.

मग धुऱ्यावरची फेरी

पडद्यावरची फेरी झाली की दोन दिवसांच्या आत स्वतःच्या शिवारात एक फेरी मारायची. हा नियमच करा. वेगळा वेळ काढायला नको, वावरात जाताना पंधरा मिनिटं आधी निघा. सकाळची वेळ चांगली. वहीत आपल्या रजिस्टरसारखेच रकाने आखा. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, किती, काय करत होतं, आपलं नाव, पुस्तकातलं नाव.

काय दिसेल? टिटवी मोकळ्या जमिनीवर अंडी घालते आणि जवळ गेलं की डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. डवरणीच्या वेळी अंडी दिसली तर तेवढी जागा वळसा घालून जा. गावच्या वडा-उंबराला फळं आली की हरियाल येतात, हिरव्या-पिवळ्या रंगाचं कबुतर. तो आपला राज्यपक्षी आहे आणि बऱ्याच जणींनी त्याला राघू समजून सोडून दिलेलं असतं. तारेवर बसलेला नीलपंख किडे टिपतो. गव्हाणी घुबड रात्री उंदीर मारतं. त्याला अपशकुनी म्हणून हाकलण्याआधी आपल्या सोयाबीनच्या पोत्यांचा विचार करा.

पक्षी सप्ताह आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबरला असतो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ तारीख सलीम अलींचा. चितमपल्ली वन अधिकारी होते, मेळघाटातही त्यांनी नोकरी केली, आणि जंगलातल्या माणसांकडून ऐकलेले शब्द त्यांनी मराठीत आणले. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात. एका जागी किमान पंधरा मिनिटं उभं राहून मोजलं तरी ती नोंद धरतात. एवढं तर आपल्या कोणत्याही गटाला जमेल.

दोन-तीन गोष्टी मात्र करू नका. घरट्याला हात लावू नका, पिल्लं घरी आणू नका. खवल्या मांजर, मांडूळ, घुबड यांची जागा ग्रुपवर टाकू नका. मांडूळ विकून लाखो मिळतात असं सांगणारा माणूस फसवणारा असतो. हे प्राणी पकडणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि पकडणारा तुरुंगात जाऊ शकतो.

यातून पुढे काय?

“ताई, यातून चार पैसे मिळतील का?” हा प्रश्न येणारच. लगेच नाही. पण वाट आहे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया मांडवी खाडीत होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. झाडं कोणती, पाखरं कोणती, हे त्या स्वतः शिकल्या आणि तेच त्यांचं काम झालं. आसाममध्ये पूर्णिमा देवी बर्मन यांनी हजारो गावकरी बायांना हरगिला नावाच्या मोठ्या करकोच्यासाठी एकत्र केलं. पूर्वी अशुभ म्हणून त्याच्या घरट्याची झाडं तोडत. आता त्याच बाया त्याचं चित्र साडी-गमछ्यावर विणून विकतात. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांनी बर्मन यांचा गौरव केला. दोन्हीकडे सुरुवात ओळखीपासूनच झाली.

आपली सुरुवातही तिथूनच. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत शेवटचा विषय म्हणून “निसर्गफेरी, वीस मिनिटं” असं लिहा. सुरुवात सापांच्या व्हिडिओनं करा, कारण त्याची गरज सगळ्यात आधी आहे. महिन्याभरात प्रत्येक गटानं आपल्या शिवारातल्या दहा जिवांची नोंद करायची, तारीख आणि जागेसह. चार विषारी साप गटातल्या प्रत्येकीला ओळखता आले पाहिजेत, आणि १०८ व १९२६ हे दोन आकडे प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये असले पाहिजेत. तुमच्याकडच्या जिवांची तुमची नावं आम्हाला रेडिओवर कळवा, ती आपण पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू.